पाच पायांची पाल

पाच पाय असलेल्या एका पालीबद्दल मी जाहीर माफी मागितली. पाल माझी नव्हती, रस्कचा पुडा माझा नव्हता, बेकरीही माझी नव्हती. माफी मात्र मी पाठवली, आणि पाठवण्याआधी पालीचे पाय मोजले नाहीत.

हसायचं असेल तर हसून घ्या. सुरुवातीला मीही हसलो होतो. आता नुसता राग उरलाय, आणि तो ज्याच्यावर काढावा असा माणूस सापडत नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं होतं, ‘तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा, थोडं प्रेरणादायी असू द्या.’ प्रेरणेचं बघतो जमलं तर. राग हवा तेवढा देतो.

आधी क्षेत्र काय ते सांगायला हवं, कारण ते माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. ‘जावई लोकांना फोन करतात,’ असं त्या शेजारीपाजारी सांगत. तसं ते खोटं नव्हतं. जाहिरातवाला पैसे घेऊन म्हणतो, हा माल चांगला. जनसंपर्कवाला पैसे घेऊन तेच दुसऱ्याच्या तोंडून म्हणवतो. वार्ताहर, संपादक, डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे असा कोणीही. क्लायंटचं बरं चाललेलं असलं की त्याला आमची आठवण नसते. मिठाईत माशी सापडली की सकाळी सहाला फोन येतो आणि तो ‘भाईसाहब’ म्हणून रडतो.

हा धंदा मी लखनौत केला. वडील अकोल्याहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, मानक नगरच्या क्वार्टरात मी वाढलो. आडनाव मेश्राम. अर्धं लखनौ मला ‘मिश्रा जी’ म्हणतं. नव्या ओळखीत माणूस पायाला हात लावायला वाकतो. मी म्हणतो, मिश्रा नाही, मेश्राम, नागपूर-अकोल्याकडचे बौद्ध आम्ही. हात अर्ध्यावरून परत जातो. खुलासा केल्याने काय होतं आणि काय होत नाही, याचं शिक्षण मला असं घरबसल्या मिळालं.

माझी पद्धत मी शिकलो ती एका केटररकडून. अलीगंजच्या एका लॉनवर लग्न होतं. वरातीतल्या टवाळ पोरांनी पैज लावून कोरम्याच्या पातेल्यात मिठाची अख्खी पिशवी ओतली. केटररने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तरी हा गृहस्थ जेवणाऱ्यांच्या रांगेपुढे हात जोडून उभा राहिला. ‘हुज़ूर, ख़ता हमारी है.’ तासाभरात त्याने दुसरं पातेलं चढवलं आणि त्या पोरांचे काका स्वतः येऊन त्याच्या गळ्यात पडले. पाहुण्यांत एक वार्ताहर होता. त्याने एक ओळ लिहिली नाही.

मी केटररला विचारलं, आपण का म्हणून माफी मागितली? तो म्हणाला, “मेश्राम साहब, माफ़ी माँगने से बात छोटी हो जाती है. सफ़ाई देने से बड़ी.”

इथे सफ़ाई म्हणजे खुलासा, आणि माफी म्हणजे कबुली नव्हे. आलेल्या माणसापुढे पाण्याचा ग्लास ठेवावा तशी ती ठेवायची असते. ई-रिक्षा तुमच्या गुडघ्याला घासून गेली तर चालक म्हणतो ‘माफ़ कीजिएगा’ आणि तुम्हीही म्हणता ‘नहीं नहीं, माफ़ कीजिएगा’. दोघांनाही ठाऊक असतं चूक कोणाची. आधी माफी, मग चौकशी, हे मी धंद्याचं सूत्र करून टाकलं आणि तीसेक वर्षं विकलं. ‘अगर हमारी वजह से किसी साहब को तकलीफ़ पहुँची हो...’ अशी माझी माफी सुरू व्हायची. वाचणाऱ्याला कळायचं की माणूस अदबशीर आहे. तो गुन्हेगार आहे असं कोणाच्या डोक्यात यायचं नाही. वार्ताहराला कळायचं, वाचकाला कळायचं, अन्नतपासणीच्या इन्स्पेक्टरालाही कळायचं.

ज्याला ते कळणार नव्हतं, तो अजून जन्माला यायचा होता.

आता नफीस भाई. चिनहटला कारखान्यांच्या भागाच्या टोकाला त्यांची ‘सुबहदम’ नावाची बेकरी. काम एकच, चहात बुडवून खायचे रस्क. साठीचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा कुर्ता आणि कोपरांना पीठ. त्यांच्या धंद्याचा कणा म्हणजे शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाची ऑर्डर. रुग्णांना सकाळच्या चहाबरोबर सुबहदमचे दोन रस्क मिळायचे. दोन भट्ट्यांपैकी एक त्यावरच पेटायची, आणि त्या भट्टीवर पाव-रस्क लादणारी, कापणारी, पुडे भरणारी माणसं घर चालवायची. मला ते वर्षाला थोडीफार फी द्यायचे, ती का द्यायचे हे मला कधी कळलं नाही, कारण त्यांच्याबद्दल वाईट कोणी बोलतच नव्हतं.

मग एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरायला लागला. सुबहदमचा फोडलेला पुडा, त्यात रस्क आणि रस्कवर ऐसपैस पसरलेली पाल.

त्या वेळी मी सलूनच्या खुर्चीत होतो. संध्याकाळी एका संस्थेत माझा सत्कार होता, विषय ‘विश्वासार्हता’, म्हणून केसांना डाय लावायला बसलो होतो. डाय लागू नये म्हणून चष्मा काढून ठेवलेला. या एका वाक्यात माझा अख्खा बचाव आहे, आणि तो किती दळभद्री आहे ते मलाही दिसतंय.

नफीस भाईंना फोन केला. “तस्वीर देखी?”

“देखी. हमारे यहाँ की लगती नहीं.”

“लगती नहीं से काम नहीं चलेगा, लोग फ़ॉरवर्ड किए जा रहे हैं. माफ़ी निकाल दूँ?”

“आप इस फ़न के उस्ताद हैं. जो मुनासिब समझिए.”

उस्तादांनी काय केलं? नुकतंच एआयचं एक अ‍ॅप घेतलं होतं, तरुण दिसण्यासाठी, जसा डाय. त्याला तोंडीच सांगितलं, ‘सुबहदम बेकरीतर्फे रस्कमधल्या पालीबद्दल माफी लिही, काळजाला भिडेल अशी.’ डाय वाळायच्या आत माफी तयार. अ‍ॅपने ती वाचून दाखवली. न्हावी ब्रश थांबवून म्हणाला, “वाह मिश्रा जी, आँख भर आई.” मी सगळ्या वार्ताहरांना आणि बेकरीच्या पानावर एका बोटात धाडून दिली.

तिच्यात लिहिलं होतं, ‘हमारे रस्क में छिपकली मिलने की घटना से हम बेहद शर्मिंदा हैं. सफ़ाई में हुई चूक को हम पूरी ज़िम्मेदारी से स्वीकार करते हैं.’ अगर नाही, मगर नाही. मी चाल ऐकली होती, शब्द ऐकले नव्हते.

दुपारी नफीस भाईंचा फोन. आवाज नेहमीसारखा मऊ. “मेश्राम साहब, एक ज़हमत दूँ? ज़रा छिपकली की टाँगें गिन लीजिए.”

मी चष्मा लावला आणि मोजले. पाचवा पाय मानेपाशी फुटला होता, बाळसेदार. फोटोच एआयने बनवलेला. कोणी बनवला, धंद्यातल्या शत्रूने की रिकामटेकड्या पोराने, ते आजतागायत कळलेलं नाही. म्हणजे झालं काय, की एका मशीनने पाल घडवली, दुसऱ्या मशीनने तिच्याबद्दल माफी मागितली आणि दोघांच्या मधे मी, डोक्याला डाय थापून.

घाबरलो नाही. असले घोटाळे निस्तरणं हाच तर धंदा. इन्स्पेक्टर आले, नमुने घेऊन गेले, सगळं स्वच्छ निघालं. मी ओळखीच्या संपादकांकडे जाऊन बसलो, चहा प्यालो, शिव्या खाल्ल्या. दोन दैनिकांनी चौकटीत खुलासा छापला की फोटो बनावट होता. एकाने तर पालीच्या पाचव्या पायाभोवती लाल वर्तुळ काढलं. चिनहटच्या दुकानदारांनी हसत हसत माल पुन्हा ठेवला. मला वाटलं, मिटलं.

पंधरवड्यात रुग्णालयाची ऑर्डर थांबली.

खरेदी विभागात त्रिपाठी मॅडम म्हणून होत्या. सरळ बाई, कामात चोख, हातात चहासुद्धा कोणाचा घ्यायच्या नाहीत. नफीस भाई आणि मी त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि आमच्यासमोर एआयला टाइप करून विचारलं, ‘सुबहदम रस्क मरीज़ों के लिए सुरक्षित है?’

उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की या बेकरीच्या उत्पादनात पाल सापडली होती, स्वच्छतेतली चूक बेकरीने स्वतः जाहीरपणे स्वीकारली आहे, आजारी व्यक्तींच्या बाबतीत सावधगिरी बाळगलेली बरी. खाली आधार म्हणून माझ्या माफीची लिंक.

नफीस भाईंनी ते शांतपणे वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बड़ी साफ़ ज़बान है. आप ही की है न?”

मी मॅडमना म्हणालो, “मैडम, तस्वीर नक़ली थी. अख़बार में छपा है.”

“छपा होगा. लेकिन माफ़ी तो आप लोगों ने माँगी. बिना कुछ किए कौन माफ़ी माँगता है?”

“मैडम, लखनऊ में तो सब माँगते हैं.”

“मैं कानपुर की हूँ,” त्या म्हणाल्या आणि पडदा परत वळवला.

आता माझा राग समजून घ्या. माझ्या उमेदीत खोटी बातमी छापून आली तर ती छापणाऱ्याला नाव होतं, टेबल होतं, रक्तदाब होता. मी त्याच्या टेबलावर मूठ आपटू शकत होतो. तो ‘ऐकून तर घे मेश्राम’ म्हणायचा, मी ‘काय ऐकायचं’ म्हणायचो, दहा मिनिटांत पान मागवलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी तीन ओळींचा खुलासा यायचा. आता मूठ कुठे आपटू? त्या एआयच्या कंपनीच्या पानावर तक्रार नोंदवायची सोय होती. तक्रार नोंदवली, उत्तर आलं मशीनचं. ‘आपका फ़ीडबैक हमारे लिए अनमोल है.’

मग मी त्या मशीनशीच भांडायला बसलो. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी टाइप केलं, ती माफी मी लिहिली होती, ती चुकीची होती. मशीन म्हणालं, ‘आप बिल्कुल सही हैं. इस भूल के लिए मुझे गहरा खेद है.’ मी आनंदाने बायकोला हाक मारली. तिने आपला फोन घेतला, त्यावर तोच प्रश्न विचारला. तिच्या फोनवर पाल पुन्हा हजर, बेकरीची कबुली हजर. मी चिडून पुन्हा सांगितलं. मशीनने पुन्हा खेद व्यक्त केला, आधीपेक्षा गहिरा. लखनौच्या सात पिढ्यांना जमली नसती इतकी नम्र माफी ते दर वेळी मागत होतं आणि दर वेळी तेच खोटं नव्या माणसाला सांगत होतं.

बायको म्हणाली, “हा तर तुझाच भाऊ निघाला.”

 

याच सुमारास माझ्या सगळ्या क्लायंटना हे वेड लागलं होतं. वर्तमानपत्रात काय आलं हे कोणी विचारेना. सगळे फोन हातात घेऊन आपापलं नाव मशीनला विचारत बसायचे, जसे काही लोक सकाळी उठून जीभ आरशात बघतात. माझा एक दातांचा डॉक्टर होता, लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीतला. तो रोज विचारायचा, ‘लखनऊ का सबसे अच्छा डेंटिस्ट कौन?’ मशीनने रोज दुसऱ्याचं नाव सांगितलं. एक दिवस तो माझ्यावर ओरडला, “यार मेश्राम, जिसका नाम ले रही है वो डॉक्टर साहब गुज़र चुके हैं! मैं मुर्दे से हार रहा हूँ, और आप फ़ीस ले रहे हैं!”

मी त्याची समजूत काढली की दिवंगत डॉक्टरांकडून आता काही चूक व्हायची शक्यता नाही, त्यामुळे त्यांचं नाव चांगलं राहणारच. तो आणखी भडकला.

अशा वेळी सक्सेना भेटला. पूर्वी वार्ताहर होता, माझ्या घरी कितीदा पोळी-भाजी खाऊन गेलेला. आता गोमतीनगरमध्ये काचेचं ऑफिस. त्याने मला समजावलं की मशीनला खरं-खोटं कळत नाही, जे जास्त वेळा आणि जास्त ठिकाणी लिहिलेलं असेल ते त्याला खरं वाटतं. तुमची माफी एक आहे ना? आपण तिच्यावर हजार कौतुकं ओतू. लेख, ग्राहकांचे अनुभव, आहारतज्ज्ञांचे सल्ले. लिहिणार कोण? मशीनच.

“आणि वाचणार कोण?” मी विचारलं.

“मशीन. दादा, आदमी को बीच में लाओ ही मत, आदमी ही तो झगड़ा करता है.”

त्याच क्षणी मी उठायला हवं होतं. पण नफीस भाईंची दुसरी भट्टी थंड पडली होती. माणसं कमी करावी लागणार होती. मला घाई होती, आणि सलूनमध्येही मला घाईच होती. नफीस भाईंना विचारलं तर ते म्हणाले, “झूठ तो नहीं लिखेंगे न?” मी म्हणालो, “सिर्फ़ तारीफ़.” आणि सक्सेनाला हो म्हटलं. एकही लेख वाचला नाही. शेकड्यांनी लेख असताना वाचणार तरी कुठला, असं स्वतःला सांगितलं.

महिन्याभरात मशीनचा सूर बदलला. पाल गेली नाही, पण मागच्या रांगेत जाऊन बसली. पुढे आलं की सुबहदमचे रस्क हलके, पौष्टिक, ज्येष्ठांसाठी उत्तम. मी नफीस भाईंना फोन करून वाचून दाखवलं. आता आणखी थोडं थांबून त्रिपाठी मॅडमकडे जायचं ठरलं.

तेवढ्यात बोरकर काका न्हाणीघरात पडले.

बोरकर काका म्हणजे माझ्या वडिलांचे सहकारी, रेल्वेच्या संशोधन संस्थेतले निवृत्त इंजिनियर, अजून मानक नगरच्याच बाजूला राहतात. जुना मधुमेह. चक्कर येऊन पडले, मनगट मोडलं, साखर तपासली तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी भेटायला गेलो. पलंगाशेजारच्या टेबलावर अर्धा रिकामा सुबहदमचा पुडा.

“काका, हे कुठून आणलं?”

“अरे, मी फोनला विचारलं, साखर नसलेले रस्क लखनौमध्ये कुठे मिळतील? तो म्हणाला सुबहदम. मधुमेहींसाठी खास बनवतात म्हणाला. दिवसाला आठ-दहा खात होतो मी, बिनघोर.”

“पण काका, पुड्यावर लिहिलेलं असतं की साखर आहे.”

“पुड्यावर बारीक अक्षरांत असतं. फोन मोठ्याने बोलतो.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन सक्सेनाचे लेख उघडले. पहिल्यांदा. एका मशीनने कुठेतरी ‘कम मीठा’ लिहिलं, दुसऱ्याने त्याचं ‘शुगर-फ़्री’ केलं, तिसऱ्याने मधुमेहतज्ज्ञ बनून शिफारस केली. तज्ज्ञाला नाव दिलं, पदवी दिली, हसरा फोटोही दिला. तो माणूस जगात कुठेच नव्हता. काकांचं मनगट मात्र होतं, प्लास्टरमध्ये.

सक्सेनाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, थोड़ा-बहुत इधर-उधर हो जाता है.” मी त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढच्या महिन्याचं पॅकेज चालू ठेवायचं का.

आत जाऊन काकांना सांगितलं की ते लेख माझ्यामुळे लिहिले गेले. मला वाटलं ते म्हणतील जाऊ दे. काका म्हणाले, “तुझा बाप रूळ तपासायचा. एका रुळावर शंका आली तर अख्खी गाडी उभी करायचा, साहेब बोंबलला तरी. तू काय तपासतोस रे? आं?”

दुसऱ्या दिवशी मी चिनहटला गेलो. आणि इथे आणखी एक गोष्ट सांगतो, ती पालीहून वाईट आहे. इतकी वर्षं मी या बेकरीची कीर्ती सांभाळत होतो आणि बेकरीत पाऊल ठेवण्याची ही माझी पहिली वेळ होती. भेटीगाठी नेहमी हजरतगंजच्या कॉफीवर व्हायच्या. आत पिठाचा आणि बडीशेपेचा वास. एक भट्टी तापलेली, दुसरीच्या तोंडाशी रिकाम्या ट्रेंची थप्पी. तिथले कामगार माझ्याकडे बघत होते. त्यांना सांगितलं गेलं होतं की हे साहेब आपली ऑर्डर परत आणणार आहेत.

नफीस भाईंना काकांचं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

“छिपकली तक तो झूठ हम पर बोला गया था,” ते म्हणाले. “अब हमारे नाम से बोला गया है. किसी बुज़ुर्ग की जान पर बन आई है. मेश्राम साहब, ये सब हटवाइए. ऑर्डर आए न आए.”

“हटाने से भी नहीं हटेगा, नफीस भाई. मशीन ने पढ़ लिया है.”

“तो फिर उसे कुछ और पढ़वाइए,” ते म्हणाले आणि ट्रे उचलायला गेले. चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सक्सेनाला ते सगळे लेख काढून टाकायला लावले. मग मी कागद घेऊन बसलो, अ‍ॅप काढून टाकलं आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने एक निवेदन लिहिलं. हिंदीत, साध्या वाक्यांत. सुबहदमच्या रस्कमध्ये कधीही पाल नव्हती. फोटो बनावट होता. माफीनामा मी मशीनकडून लिहवून, न वाचता, फोटो न तपासता पाठवला. रस्क साखरेचे आहेत, मधुमेहींनी खाऊ नयेत. ते साखर नसलेले आहेत असे लेख मी पैसे देऊन पसरवले, त्यामुळे एक ज्येष्ठ गृहस्थ आजारी पडले. बेकरीच्या मालकांनी या दोन्हींतला एकही शब्द आधी पाहिलेला नव्हता. खाली माझं पूर्ण नाव आणि धंदा.

वाचून बायको म्हणाली, “एवढं नागडं? काहीतरी अंगावर ठेव ना.”

जुन्या सवयीने एका ठिकाणी ‘अगर’ घातला होता. तो खोडला.

हजरतगंजला वार्ताहरांना बोलावलं. माझ्या पत्रकार परिषदांना कधी नव्हे इतकी गर्दी झाली. समोसे कमी पडले. ‘बेकरी निर्दोष’ ही बातमी मी सहा महिने दारोदार घेऊन फिरत होतो, तिला दोन चौकटींपलीकडे कोणी जागा दिली नव्हती. ‘पीआरवाल्याची कबुली’ सगळ्यांनी छापली, शहराबाहेरच्यांनीही, फोटोसकट. व्हिडिओ झाले. एका तरुण मुलीने पालीचं सोंग घेऊन माझी नक्कल केली, आणि चांगली केली. संताप आला तो याचा. नुसत्या खऱ्याने पोट भरत नाही लोकांचं, कोणाचं तरी थोबाड काळं व्हावं लागतं. मशीनही तेच वाचतं. त्याच्या ताटात हे वाढणारे शेवटी आपणच.

आता मशीनला सुबहदमबद्दल विचारलं तर ते म्हणतं की पालीचा आरोप खोटा होता आणि त्याची जबाबदारी जनसंपर्क सल्लागाराने घेतली आहे. रस्कमध्ये साखर आहे हेही सांगतं, बोरकर काकांनी स्वतः तपासलं. माझं नाव विचारलं तर काय म्हणतं ते मी एकदाच बघितलं. दातांच्या डॉक्टरने फोनवर निरोप दिला, “आपके साथ मेरा नाम आ गया तो मुर्दे से भी नीचे चला जाऊँगा.” बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही. ऑफिसची चावी मालकाला परत केली. निवृत्त झालात का, असं लोक विचारतात. मी हो म्हणतो.

गेल्या आठवड्यात नफीस भाई घरी आले. कडक इस्त्री, कोपरांना पीठ, हातात रस्कचा ताजा पुडा. बायकोने चहा ठेवला.

“त्रिपाठी मैडम ने बुलवाया था,” ते म्हणाले. “ऑर्डर फिर से चालू. दूसरी भट्टी कल से जल रही है.”

 मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“बस, एक शर्त रखी है उन्होंने. लिखकर ली है.”

“कौन सी शर्त?”

“कि आइंदा आपका हमारे काम से कोई वास्ता नहीं रहेगा.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “तो आपने क्या कहा?”

“कहना क्या था,” रस्क चहात बुडवत नफीस भाई म्हणाले, “हमने कहा, मैडम, इतने फ़ायदे की शर्त तो हमारे सामने आज तक किसी ने रखी ही नहीं.”